डावीकडे पाणी

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५
सकाळचे सव्वासात, पेण

जानीआजी,

रात्रपाळी करून आत्ताच खोलीवर आलो. चहा ठेवला आहे. तो उतू जाऊ नये म्हणून एक डोळा तिकडे ठेवून हे लिहितो आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी विशाल, चिंचखारच्या दामूबाबांचा नातू, म्हणजे तुमच्या थोरल्या भावाच्या मुलाचा मुलगा. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा मी जन्मलो नव्हतो. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर कामाला आहे. तिथे माझ्याबरोबर रोह्याजवळच्या अष्टमी गावचा अफान आहे. त्याच्या आईच्या कापडाच्या दुकानात तुमची नात शीतलताई काम करतात, त्यांच्याकडून तुमचा वरसे गावचा पत्ता मिळाला.

मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा दामू हे नाव ऐकल्यावर तुम्ही फोन ठेवलात. शीतलताई म्हणाल्या, "आजी फोनवर नाय बोलायची. पण कागद आला तर पूर्ण वाचून घेते. लाइटबिल पण पाठीमागच्या सूचनांसकट वाचायला लावते." म्हणून कागद पाठवतो आहे. मी नववीपर्यंतच शिकलो, पण अक्षर बरं आहे आणि लिहिलेलं दोनदा तपासतो. शीतलताई, तुम्हाला वाचताना अडू नये एवढी काळजी घेतली आहे.

दामूबाबा गावात एकटेच राहतात. आई-वडील उरणला असतात. मी सुट्टीच्या दिवशी जातो, तांदूळ-तेल भरतो, कपडे धुतो. शेजारच्या धोंडुबाई रोज एक कालवण देतात. तब्येत ठीक आहे. थोडा विसर पडतो, वयामुळे.

गेल्या अमावास्येला दुपारी ते घरात नव्हते. धोंडुबाईंनी शोधलं तर बांधावर, खाडीचं पाणी अडवायचं दार आहे त्या जुन्या उघाडीजवळ बसलेले. उधाणाचं पाणी दाराच्या फळ्यांपर्यंत चढलं होतं. त्या म्हणाल्या, "चला दामूदादा, उन्हात काय बसलाव?" तर बाबा म्हणाले, "एक गडी कमी हाय. जानीला बोलव."

धोंडुबाईंनी मला हे सांगितलं आणि मग त्यांच्याकडूनच मला कळलं की बाबांना बहीण आहे. आमच्या घरात तुमचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "ते जुनं हाय. तू कामाला जा."

पाडव्याला वडील बाबांना उरणला नेणार आहेत. घराला कुलूप लावणार. त्याआधी तुम्ही एकदा याल का, एवढंच विचारायचं आहे. हे पत्र लिहिल्याचं बाबांना माहीत नाही.

विशाल

(चहा उतू गेला.)


मंगळवार, २८ जानेवारी २०२५
दुपारचे दीड

जानीआजी,

शीतलताईंचा फोन आला. तुमचं म्हणणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: "सत्तावीस वर्सांनी कागद आयला, तो पन नातवाच्या हातचा. त्याला हात नाय काय?"

हात आहेत. पण बाबा अंगठ्यापुरतेच शिकले आहेत, ते तुम्हालाही माहीत असेल. मी काल हा निरोप त्यांना सांगितला, म्हणजे पत्राचंही सांगावं लागलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "काय बोलली?" मी पुन्हा सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तीच हाय."

मी कोळंबीचं कालवण गरम केलं, ताट वाढलं. जेवताना त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते जसं सांगत गेले तसं लिहितो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण त्यांच्या तोंडून काय निघालं ते तुम्हाला कळावं. शीतलताई, हे सावकाश वाचा.

सत्त्याण्णव सालची नारळी पौर्णिमा. दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या उधाणाला बांध फुटून खांड पडली. गावकीचा नियम होता, घरटी एक गडी बांधावर आलाच पाहिजे. आजारी असेल तर बदली माणूस द्यायचा. तुमचे मालक कान्हूआजोबा पेणला दवाखान्यात होते, विषमज्वराने. बदली द्यायला पैसे नव्हते. तर तुम्ही स्वतः गेलात. नवऱ्याचा सदरा, वरून गोणपाटाची खोळ. माणसांची रांग लागली होती, हातातून हातात चिखलाचे गोळे आणि पेंढ्याचे भारे जात होते. तुम्ही बाबांच्या शेजारी उभ्या राहिलात. पहाटे कालवाच्या शिंपल्याने तुमचा पाय कापला, तेव्हा बाबांनी आपल्या डोक्याचं फडकं सोडून बांधलं.

तरी बांध राहिला नाही. गावकीचे तेव्हाचे अध्यक्ष जोमा पाटील यांची सगळी खाचरं खाऱ्या पाण्याखाली गेली.

चौथ्या दिवशी मंडपात सभा बसली. बाबा त्या वर्षी पहिल्यांदा पंच झाले होते. जोमा पाटलांनी विचारलं, "कान्हूच्या घरातला गडी आयला व्हता काय?" आणि बाबांकडे पाहिलं.

इथपर्यंत सांगून बाबांनी ताट पुढे सरकवलं. भात तसाच होता. मी विचारलं, "मग तुम्ही काय बोललात?"

"नाय बोल्लो."

"काहीच बोलला नाहीत?"

"'नाय' असा बोल्लो. गडी नाय आयला. बाईमानसाला गडी कोन बोलतं? मना वाटलं, मी कुठं खोटं बोल्लो."

त्या रात्रीचे गडीमागे चाळीस रुपये गावकीच्या पैशातून वाटायचे होते. ते बाबांनीच वाटले. तुमच्या घराचे वाटले नाहीत. तुमच्या घराला दंड झाला आणि तुमचं घर वाळीत पडलं. गिरणीवाला दळण घेईना, नळावर बायका हंडा बाजूला घेत. शिमग्याआधी तुम्ही टेम्पोत सामान भरून गेलात आणि जाताना ते फडकं धुऊन बाबांच्या कुंपणावर टाकून गेलात.

एवढं ते एका दमात बोलले. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "आज कंचा वार?"

मी तुम्हाला या म्हणून आग्रह करत नाही. मला कळत नाही मी तुमच्या जागी असतो तर आलो असतो का. बहुतेक नाही.

विशाल


सोमवार, १० फेब्रुवारी २०२५
रात्रीचे आठ, चिंचखार

जानीआजी,

तुमचा प्रश्न पोचला. शीतलताईंनी फोनवर दोनदा सांगितला आणि मी लिहून घेतला: "त्याला इचार, त्या राती माझ्या उजवीकडं कोन व्हता आनि डावीकडं कोन व्हता. ते सांगल तर मी बघीन."

(शीतलताई, कंसातलं मोठ्याने वाचू नका. पहिल्या पत्रात मी थोडा विसर पडतो असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. पेणच्या डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं आहे की हे वाढत जाणार. औषधाने जरा हळू वाढेल एवढंच. परवा बाबांनी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि शाळेची फी भरलीस का विचारलं. त्या रात्री अंधारात खोळीतल्या आजींना जवळून पाहिलेलं आता कोणी उरलेलं नाही, बाबा एकटेच आहेत. त्यांच्या डोक्यातून ते गेलं तर आजी तिथे होत्या हे सांगणारा कोणी राहणार नाही. म्हणून मी घाई करतो आहे. पण हे आजींना कळलं तर त्या दयेपोटी येतील, आणि तसं नको असं मला वाटतं.)

मी प्रश्न विचारला. पहिल्यांदा बाबा म्हणाले, "मी एकलाच व्हतो." दुसऱ्या सुट्टीला विचारलं तर म्हणाले, "डावीकडं जोमा." जोमा पाटील त्या रात्री बांधावर उतरलेच नव्हते, काठावर कंदील धरून उभे होते, असं धोंडुबाई म्हणतात. त्या मला म्हणाल्या, "तू कशाला त्याचा जीव खातंस? मी सांगते नाव, ते लिही नि मोकला हो." वडील फोनवर म्हणाले, "कायतरी लिहून टाक, म्हातारीला काय कळतंय."

मी दोन दिवस विचार केला. पाकीटही आणून ठेवलं होतं. पण तुम्ही विचारलंत ते खरं कोण होतं हे कळण्यासाठी नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. त्यांना आठवतं का, हे तुम्हाला बघायचं आहे. मग माझ्या हातचं उत्तर तुमच्या काय कामाचं? म्हणून लिहिलं नाही.

आज संध्याकाळी धोंडुबाईंच्या अंगणापलीकडे पोपटी लावली होती. त्यांचे नातू मुंबईहून आले आहेत, त्यांना वालाच्या शेंगा भाजायच्या होत्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरून मडकं उपडं घातलं. पेंढा आमच्या पडवीत होता. म्हणून पोरांनी रांग केली, पडवीपासून मडक्यापर्यंत, एकाने दुसऱ्याला भारा द्यायचा. बाबा खुर्चीवर बसले होते ते उठले आणि रांगेत उभे राहिले. कोणी काही म्हटलं नाही. त्यांच्या हातात भारा आला, तो त्यांनी घेतला आणि बाजूच्याला दिला. हात अगदी बरोबर चालत होते. माझ्यापेक्षा बरोबर.

रांगेच्या शेवटी मी होतो, त्यांच्या डाव्या हाताला. चार-पाच भारे झाले असतील. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि जोरात मागे ओढलं.

"जानी, मागं हो. डावीकडं पानी हाय."

मी म्हटलं, "बाबा, मी विशाल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिच्या उजवीकडं मी व्हतो. डावीकडं कोन नाय. डावीकडं पानी. खांडीच्या तोंडावर कोन उभा राहीना, ती राहिली."

जानीआजी, मी काही सुचवलं नव्हतं. उत्तर मला माहीतच नव्हतं, धोंडुबाईंनाही नव्हतं. त्या कोणा गणपाचं नाव सांगणार होत्या.

बाबा नंतर पोपटीच्या शेंगा खाऊन झोपले. खांडीच्या तोंडावर तुम्हाला उभं राहू दिलं आणि सभेत नाय म्हटलं, या दोन गोष्टी एकाच माणसाने कशा केल्या, हे मी त्यांना विचारणार होतो. पण झोपलेल्या माणसाचं तोंड बघून विचारावंसं वाटलं नाही. आणि उठल्यावर त्यांना माहीत असेल की नाही, कोण जाणे.

होळीच्या आदल्या दिवशी गावकीची सभा असते. झोपायच्या आधी बाबा म्हणाले, तिथे उभं राहून सांगणार. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर सांगतील.

विशाल


शनिवार, १५ मार्च २०२५
सकाळचे अकरा, पेण

जानीआजी,

तुम्ही येणार नाही हे शीतलताईंनी आधीच कळवलं होतं. "ज्या मंडपाच्या भायेर बसवलं, तिथं परत बसायला जाव काय?" हे तुमचं म्हणणं मला पटलं. कंसातलंही तुम्ही वाचून घेतलंत, तेही कळलं. शीतलताई म्हणाल्या, "आजी बोल्ली, कंस म्हंजे काय, आवाज कमी करून वाच." माझी चूक झाली, माफ करा.

सभेचं सांगतो. जे झालं ते चांगलं नाही, तरी सांगतो.

सकाळी बाबांनी स्वतः दाढी केली. धुतलेलं धोतर नेसले. मी एक नारळ आणून दिला, कारण गावकीपुढे चूक कबूल करायची तर नारळ ठेवतात असं ते म्हणाले. वाटेत तीनदा विचारलं, "कशाला चाललो आपन?" तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "मना ठाऊक हाय रं. तुला ठाऊक हाय का बघतो." ते खरं होतं की सावरून घेतलं, ते मला कळलं नाही.

मंडपात चाळीसेक माणसं होती. आता गावकीचे अध्यक्ष हिराजी पाटील आहेत, जोमा पाटलांचा मुलगा. आधी होळीची वर्गणी, मग डीजे किती वाजता बंद करायचा, मग बांधाचं. बांधावर आता कोणी गडी देत नाही. मीच या वर्षी पाचशे रुपये भरले, कारण उधाणाला कंपनी शिफ्ट बदलून देत नाही. पैसे जमा होतात, पोकलेन येतो, कधी येत नाही. अर्धी खाचरं अशीही पडीक आहेत. हे सगळं होईपर्यंत बाबा नारळ मांडीवर धरून बसले होते. मला भीती होती की तेवढ्यात विसरतील.

विसरले नाहीत. उठले, नारळ पुढे ठेवला आणि म्हणाले, "सत्त्याण्णव सालच्या खांडीला कान्हूच्या घरातून जानी आयली व्हती. रातभर माझ्या बाजूला व्हती, खांडीच्या तोंडावर. मना सभेत इचारलं, मी नाय बोल्लो. ती वाळीत पडली ती माझ्या बोलन्यानं. चूक माझी."

मोबाइल बघणारेही वर बघायला लागले. मला वाटलं, झालं.

हिराजी पाटील हसले. वाईट हसले नाहीत, मोठ्या माणसाशी हसतात तसे. म्हणाले, "बाबा, बसा. वाळीत बिळीत असलं काय आपल्या गावात कवा झालं नाय. आता कायदा हाय. असलं बोल्लं तर पोलीस येतात. कान्हूदादा कामधंद्याला रोह्याला गेले, एवढंच."

बाबा म्हणाले, "दंड घेतला व्हता तुझ्या बापानं."

"कुठं लिवलाय? दाखवा."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विशाल, बाबांना विसर पडतो ना हल्ली? डॉक्टरनी सांगितलंय असं तुझा बाप बोलत व्हता. घरी ने त्यांना. ऊन हाय."

जानीआजी, मी तेव्हा काय करायला हवं होतं ते मला तीन दिवस सुचतं आहे. तेव्हा काही सुचलं नाही. चाळीस माणसं बघत होती आणि माझे कान गरम झाले होते. बाबांना विसर पडतो हे खरंच होतं. तेवढ्यापुरते हिराजी खोटं बोलत नव्हते. सत्तावीस वर्षांपूर्वी बाबाही खोटं बोलत नव्हते. मी बाबांचा हात धरला. एवढंच केलं.

तेवढ्यात मंडपाच्या बाहेरून आवाज आला. बायका नेहमीप्रमाणे पायरीखाली बसल्या होत्या. धोंडुबाई उठल्या.

"त्यांना विसर पडतो, मना नाय पडत. जानीची दोनी पोरा त्या राती माझ्या घरात झोपली व्हती. ती बांधावर गेली म्हनूनच ना? धाकटा रातभर रडत व्हता, माझ्या मालकाला झोप नाय. पाटे ती आयली तवा पायाला दामूदादाचा फडका बांधलेला. रगत मीच धुतला."

हिराजी म्हणाले, "काकू, मग तवा का नाय बोल्लाव?"

"मना कोनी इचारलं व्हतं? आता तरी कोनी इचारलंय? मीच बोलतेय."

कोणीतरी हसलं. मागून एक पोरगा म्हणाला, "काकूला पंच करा." मग सगळेच हसले, धोंडुबाईही. हिराजींनी पुढचा विषय घेतला, पालखीच्या भोयांना टी-शर्ट द्यायचे की नाही.

नारळ तिथेच राहिला. त्याचं पुढे काय झालं माहीत नाही. बहुतेक होळीत गेला.

इतके दिवस मी तुम्हाला लिहीत होतो की बाबा एकटेच साक्षीदार उरले आहेत. तसं नव्हतं. दुसरी साक्षीदार रोज आमच्या घरात कालवण आणून देत होती. मी तिला पोपटीच्या आधीही विचारलं होतं, पण रांगेत कोण होतं एवढंच. तुम्ही गेला होतात का, हे मीही तिला विचारलं नव्हतं.

घरी येताना बाबा बांधाच्या वळणावर थांबले. विचारलं, "सभा कवा हाय?"

मी म्हटलं, "झाली बाबा."

"मी बोल्लो काय?"

"बोललात."

"सगला?"

"सगळं."

ते पुढे चालायला लागले. पण संध्याकाळी परत विचारलं, आणि काल, आणि आज सकाळी धोंडुबाईंच्या फोनवरूनही. दर वेळी मी सांगतो, बोललात. त्यांना दर वेळी तेवढंच बरं वाटतं आणि मला दर वेळी तेवढंच थकायला होतं.

मी दमलो आहे, आजी. तुम्हाला आता या म्हणत नाही. पाडव्याला ते उरणला जातील.

विशाल


रविवार, ३० मार्च २०२५, पाडवा
सकाळचे सात, चिंचखार

जानीआजी,

वडील गाडी घेऊन नऊला येणार आहेत. बाबांच्या दोन पिशव्या भरून झाल्या. गुढी धोंडुबाईंनी त्यांच्या दारात उभारली आहे, आमच्या दारात उभारून लगेच कुलूप लावायचं बरं दिसत नाही म्हणून. तोवर हे लिहितो.

काल तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्याशी धड बोललोही नाही. शीतलताईंचा फोन आला तो थेट पेणच्या स्टँडवरून. "आजी सकाळी उठली नि साडी बदलून बसली. बोल्ली, आज अवस आहे, दुपारी उधाण आहे, तो बांधावरच असंल." तुम्ही गावात शिरला नाहीत. रिक्षा बाहेरच्या रस्त्यावर सोडलीत आणि खाडीकडून बांधावर चढलात. मी मागून पळत आलो तेव्हा तुम्ही अर्ध्या वाटेत होता. डावा पाय तुम्ही अजून जरा ओढता, ते मला दिसलं.

बाबा उघाडीजवळ बसले होते. पुढे जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. शीतलताई मागे होत्या आणि वाऱ्यामुळे त्यांना ऐकू आलं नाही, असं त्या म्हणाल्या. तुम्ही घरी जाऊन त्यांना सांगितलंत की नाही, कोण जाणे. म्हणून इथे लिहून ठेवतो. तुम्हाला नको असेल तर शीतलताईंना हे पान सोडायला सांगा.

तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिलात. त्यांनी वर बघितलं.

"कोनच्या घरची गो?"

पाणी उघाडीच्या फळ्यांवर आपटत होतं. तुम्ही म्हणालात, "कान्हूच्या."

"कान्हूच्या घरचा गडी नाय आयला त्या राती," बाबा म्हणाले. "कान्हू दवाखान्यात व्हता. जानी आयली व्हती. मना इचारला तवा मी नाय बोल्लो."

"म्हायती हाय."

"तिला सांगशील?"

"सांगीन."

मग बाबांनी सरकून जागा केली. तुम्ही बसलात, पण शेजारच्या जागेवर नाही. वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला, पाण्याच्या बाजूला बसलात. बाबांनी तुमच्या दंडाजवळ हात नेला आणि तसाच धरून ठेवला, शिवला नाही. मी वीस पावलं मागे होतो. तुम्ही दोघं उधाण उतरायला लागेपर्यंत बसलात.

उठताना त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. मला वाटलं तंबाखू. त्यांनी दोन विसाच्या नोटा काढल्या. "जानीला दे. रातीचे. तिचे र्‍हायले व्हते." मला वाटलं होतं, तुम्ही घेणार नाही. तुम्ही घेतल्यात, पदराच्या टोकाला बांधल्यात आणि दोनदा गाठ मारलीत.

मी चहाला या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "गावात पानी नाय घेनार. तू रोह्याला ये, तुला जेवायला घालीन. अक्षर कसा हाय तुजा ते बघायचा हाय." तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. तरी मी येईन.

काल रात्री बाबांनी विचारलं, "जानी आयली व्हती काय?" मी म्हटलं, "आली होती, तुम्ही पैसे दिलेत." ते म्हणाले, "दिले ना? मग झाला," आणि झोपले. आज सकाळपासून एकदाही विचारलेलं नाही. उरणला गेल्यावर विचारतील. वडिलांना काय उत्तर द्यायचं ते मी लिहून देणार आहे.

तुम्ही रिक्षाचे पैसे दिलेत, ते आमच्याकडे लागतात. हिशेब खाली देतो आहे.

पाकिटं व तिकिटं, पाच पत्रांची: ४० रुपये. मी दिले.
नारळ: ३५ रुपये. मी दिले.
पेण ते बांध रिक्षा, जाऊन-येऊन: ५०० रुपये. तुम्ही दिलेत. माझ्याकडून येणे, रोह्याला येईन तेव्हा आणीन.
रोहा ते पेण एसटी, दोन माणसं: शीतलताईंनी दिले. रक्कम कळवावी.
दंड, सन १९९७, कान्हूआजोबांनी भरलेला: धोंडुबाई म्हणतात एक हजार एक. गावकीकडून येणे. हिराजी पाटील म्हणतात, लागत नाही.
बांधाची मजुरी, एका रात्रीची, जानी कान्हू यांची: ४० रुपये. दिले.

विशाल